रिकाम्या झोळीचं वजन

आमच्या घरात मोजमापाचं खातं माझ्याकडे होतं. गॅसचा सिलिंडर कोणत्या तारखेला लावला आणि किती दिवस पुरला, हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवायचो. मुलांच्या उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर होत्या, पेन्सिलने, तारखेसकट. बायको म्हणायची, "तुमच्या हातात पट्टी दिली तर तुम्ही पोळीचासुद्धा व्यास काढाल." एकदा काढलाही होता, पण ते तिला सांगितलं नाही.

नोकरीही तशीच होती. अंबरनाथला आनंदनगरमधल्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. मापं, वजनं, काटे, गेज, सगळं दर तीन महिन्यांनी तपासायचं, जुळवायचं आणि जुळवलेल्या स्क्रूवर लाल रंगाचा थेंब टाकायचा. थेंब फुटलेला दिसला की कुणीतरी हात लावला हे कळायचं. त्या लाल थेंबाला आमच्या खात्यात फार मान होता. मलाही तो मान होता, असं म्हटलं तरी चालेल.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. आम्ही शिवमंदिराच्या रस्त्याला दीड खोलीत राहत होतो आणि बायको आनंदनगरच्या मागच्या एका गावात अंगणवाडी चालवत होती. गावाची निम्मी जमीन कारखान्यांखाली गेली होती. पुरुष कारखान्यांच्या गेटवर नाहीतर ट्रकवर असायचे. उरलेल्या जमिनीत बायका भात आणि भेंडी-काकडी करायच्या. अंगणवाडी म्हणजे समाजमंदिराची एक खोली, एक फळा, सरकारी पौष्टिक आहाराच्या सुकडीची दोन पोती आणि छताच्या वाशाला टांगलेला घड्याळासारखा गोल वजनकाटा, त्याखाली मूल ठेवायची कापडी झोळी.

त्या काट्यावर मुलं चढवायला बायकोला पहिलं वर्ष गेलं. मूल तोललं की त्याला नजर लागते, अशी तिथली समजूत. भाजी तोलतात, मासळी तोलतात, पोर तोलत नाहीत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वजनं घ्यायची म्हटलं की बायका पोरांना घेऊन शेतावर निघून जायच्या. शेवटी बायकोने गावच्या सुईणीला धरलं. ही म्हातारी वयाने साठीच्या पुढची, आवाजाने खणखणीत. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. बायकोने तिला काट्याखाली बसवून दोन महिने नुसतं बघायला लावलं. एका शेजारणीचं मूल तापातून उठल्यावर काट्यावर आधी खाली आणि मग वर गेलेलं म्हातारीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग तिने स्वतःच्या नातीला आणून झोळीत ठेवलं आणि जमलेल्या बायकांना म्हणाली, "बघतांव काय? आणा पोरं. ह्यो काटा खोटं बोलत नाय."

त्यानंतर बायकोला कुणाला बोलवावं लागलं नाही. काट्याला गावात मान मिळाला. पुढे जे झालं, त्याचं मूळ या मानातच होतं.

काट्याबरोबर सरकारकडून आलेली झोळी पातळ कापडाची होती. ती फाटली. बायकोने दोनदा शिवली, तिसऱ्यांदा मूल त्यातून खाली येता येता वाचलं. मी म्हटलं, हे काम माझ्याकडे दे. आमची सुट्टी शुक्रवारी असायची. एका शुक्रवारी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये गेलो. तिथे एक सिंधी गृहस्थ जाड कॅनव्हासच्या पिशव्या शिवायचे. त्यांना चित्र काढून दिलं. पाय बाहेर काढायला दोन भोकं, पाठीला दुहेरी कापड, वर लोखंडी कड्या. त्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"साईं, बच्चा बिठाना है या हाथी?"

"बच्चाच. पण पडता कामा नये."

"नहीं गिरेगा. ये कपड़ा नहीं फटेगा, पहले आप फट जाओगे."

झोळी उत्तम झाली. तेव्हाच मी काटाही घरी मागवून घेतला आणि कारखान्यात नेऊन प्रमाण वजनांवर तपासला. काट्याच्या नुसत्या हुकाला वजनं अडकवून पाहिली, एक किलो, दोन किलो, पाच, दहा, सगळीकडे बरोबर. सुई शून्यावर आणली, स्क्रूवर लाल थेंब टाकला आणि बायकोला बजावून सांगितलं, "याला आता हात लावायचा नाही. हा शिक्का आहे."

ती म्हणाली, "आम्हाला तर ट्रेनिंगमध्ये दर वेळी स्क्रू फिरवून सुई जुळवायला शिकवलंय."

"ते न तपासलेल्या काट्याला. हा तपासलेला आहे."

आमच्या कारखान्यात काटा मोकळाच जुळवायचा असतो. माल ज्या ट्रेमध्ये ठेवतात त्या ट्रेचं वजन नंतर कामगार कागदावर वजा करतो. ते त्याचं काम, माझं नव्हे. ही गोष्ट मला इतकी अंगवळणी पडली होती की ती बोलून दाखवायची असते, हेच माझ्या लक्षात आलं नाही. बायकोने पुढच्या महिन्यात एकदा विचारलंही होतं. मी पेपर वाचत होतो.

"अहो, नवी झोळी अडकवली की सुई पुढे जाते. ते बरोबर ना?"

"जाणारच," मी म्हणालो आणि पान उलटलं.

एवढंच. ती समजली की नवऱ्याने हिशेबात धरलंय. मी समजलो की ती वजा करते.

चार महिने गेले. एका शुक्रवारी मी अंगणवाडीत गेलो होतो, काटा ज्या हुकाला टांगला होता तो सैल झाला म्हणून. वजनाचाच दिवस होता. बायका ओळीने बसल्या होत्या आणि माझी चेष्टा चालली होती. "बाईंचं मालक आलं, आता आपलंबी वजन करतील," एकीने म्हटलं. दुसरी म्हणाली, "तुझं करताना काटा नाय, वासा तुटंल."

म्हातारीची सून आपल्या मुलीला घेऊन आली. सून विशीतली, अबोल, हातापायांनी काटकुळी. तिला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा महिना. मुलगी वर्षाची झाली होती पण अजून धरूनही उभी राहत नव्हती. बायकोने वजन केलं. सहा किलो चारशे. वहीत गेल्या महिन्यात सहा-पाचशे होतं.

"शंभर उतरलीय," बायको म्हणाली. "पण अजून दुसऱ्या श्रेणीतच आहे."

तेव्हा अंगणवाडीत मुलांच्या चार श्रेण्या असायच्या. तिसरी किंवा चौथी आली की दुप्पट आहार आणि डॉक्टरकडे पाठवणी. दुसरी म्हणजे काळजी घ्या, एवढंच.

सून जागेवरून हलली नाही. खाली बघत म्हणाली, "बाई, मना हाताला हलकी लागते. लय हलकी. रोज उचलतंय, मना समजतं. दवाखान्यात नेऊ का?"

म्हातारी मागेच बसली होती. "घे! काटा सांगतो सहाच्या वर, आणि हिचा हात सांगतो हलकी. भेंडी खुडायला नको म्हणून दवाखाना पायजे."

बायका हसल्या. सुनेने माझ्याकडे पाहिलं. का ते मला कळलं. काट्याचा माणूस मी. आणि मी स्टुलावर उभा राहून, हातात पाना धरून, तिला समजावलं. आमच्या कारखान्यात नवीन कामगारांना मी जसं समजावायचो तसंच, अगदी शांतपणे. म्हटलं, "हे बघा, रोज उचललं की हाताला सवय होते, मग अंदाज चुकतो. हात फसतो. काटा फसत नाही."

"हां," ती म्हणाली. मुलीला पदरात घेऊन ती गेली.

मला त्या दिवशी आपण एक चांगलं काम केलं असं वाटलं होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं होतं.

पुढचा महिना. हुक पुन्हा सैल झाला असेल म्हणून मी गेलो. तो घट्टच होता, काम काही नव्हतं, म्हणून नुसता बसलो. सून आली. मुलीला झोळीत घातलं. सहा-चारशे. सुनेने या वेळी काही विचारलं नाही. तिने मुलीला उचलून घेतलं आणि झोळी रिकामी लोंबत राहिली. मी समोरच होतो. सुई मागे आली आणि थांबली. शून्याच्या अलीकडे, चारशे आणि पाचशेच्या मधोमध.

मी आयुष्यात कितीतरी सुया पाहिल्या आहेत. ती एक सुई मला अजून दिसते.

"ही शून्यावर का येत नाही?" मी बायकोला विचारलं.

तिने वहीतून मान वर केली. "तुम्हीच म्हणालात ना, जाणारच म्हणून."

"तू वजा करत नाहीस?"

"काय वजा करायचं?"

मी स्टुलावर चढलो. लाल थेंब जसाच्या तसा होता, कुणीही हात लावला नव्हता. झोळी काढली. सुई शून्यावर. झोळी लावली. सुई साडेचारशेवर. नंतर मी ती कारखान्यात नाजूक काट्यावर तोलली, चारशे अठ्ठेचाळीस ग्रॅम भरली. पण त्या क्षणी साडेचारशे पुरे होतं. वही घेतली आणि तिथेच उभ्याउभ्या वजाबाकी केली. जुन्या झोळीतलं त्या मुलीचं शेवटचं वजन सहा-शंभर होतं. नव्या झोळीत पहिल्याच महिन्यात सहा-चारशे. वहीत तीनशे ग्रॅमची वाढ दिसत होती आणि बायकोने शेजारी खूश होऊन बरोबरची खूणही केली होती. खरं तर मूल दीडशे ग्रॅम उतरलं होतं. बाकीचं माझ्या कॅनव्हासने भरून काढलं होतं. आजचं खरं वजन सहाच्याही आत होतं. तिच्या वयाला तिसऱ्या श्रेणीची रेषा सहाच्या जराशी वर होती. म्हणजे ती निदान गेल्या महिन्यापासून तिसऱ्या श्रेणीत होती आणि आम्ही तिला दुसरीत बसवलं होतं.

गावात एकतीस मुलं होती. पण तेव्हा मला फक्त हिचाच आकडा दिसत होता, कारण हिच्या आईने मला विचारलं होतं.

बायको हळू आवाजात म्हणाली, "आज काही बोलू नका. घरी जाऊन नीट बघू. बायकांसमोर काटा खोटा म्हटलं तर परत एकही मूल येणार नाही. एक वर्ष घातलंय मी."

तिचं चूक नव्हतं. पण सून दारापर्यंत पोचली होती.

"थांबा," मी म्हणालो. "तुमचा हात बरोबर होता."

ती उंबऱ्यावरच वळली. मी म्हातारीलाच पुढे बोलावलं. काट्याला गावात मान तिने मिळवून दिला होता, तिच्या पाठीमागे हे बोलणं बरं नव्हतं. मी काही समजावलं नाही. रिकाम्या झोळीकडे बोट दाखवलं.

"आजी, झोळीत कोण आहे?"

"कोन नाय."

"सुई कुठे आहे?"

आकडे तिला वाचता येत नव्हते, पण शून्य कुठे असतं ते ठाऊक होतं. तिने डोळे बारीक केले. "पुढं हाय."

"म्हणजे झोळीत कुणी नसताना काटा अर्ध्या किलोच्या आसपास दाखवतो. तेवढं तुमच्या नातीच्या नावावर लिहिलं गेलं. सगळ्यांच्याच नावावर."

"कोनी केलं ह्ये?"

"मी."

एखादी तरी बाई हसेल असं वाटलं होतं, कुणी हसलं नाही. म्हातारी काट्याजवळ गेली, झोळी हाताने उचलून धरली, सुई मागे गेली, सोडली, पुढे आली. दोनदा केलं. मग माझ्याकडे वळली.

"मालक, मी माझ्या सुनेला खोटी पाडली तुझ्या काट्यावर. चार बायकांत."

"हो. मीही पाडली."

"तुझं काय, तू जाशील घरी. मना तिच्याच हातचं जेवाचं हाय." मग सुनेला म्हणाली, "चल. कंचा दवाखाना ते बाईला इचार."

त्याच दुपारी आम्ही निघालो. बायको, म्हातारी, सून, मूल आणि मी, एका रिक्षात, उल्हासनगरच्या सरकारी इस्पितळात. रिक्षावाला म्हणाला इतके बसणार नाहीत. म्हातारी म्हणाली, "त्या मालकाला खाली उतरव, त्याचंच वजन जास्त झालंय." मग मात्र सून हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी मुलीची छाती तपासली, फोटो काढायला सांगितला, दोन दिवसांनी निदान केलं. छातीत जुना आजार होता, औषधं कित्येक महिने घ्यावी लागणार होती. त्यांनी सुनेला विचारलं, "तुला कधीपासून वाटत होतं?"

"दोन महिनं झालं आसतील."

"मग तेव्हाच का नाही आणलंस?"

सून मुलीचं झबलं सारखं करत राहिली. मी तिथेच उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सांगितलं की तिला आणायचं होतं, आम्ही थांबवलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि लिहीत राहिल्या. त्यांच्यापुढे रांग मोठी होती.

त्यांनी सुनेलाही काट्यावर उभं केलं. एकोणचाळीस किलो, सहाव्या महिन्यात. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं तर ती म्हणाली, गर्भारणीने पोटभर जेवलं की मूल मोठं होतं आणि अडतं. हे ती कंजूषपणाने म्हणत नव्हती. फार वर्षांपूर्वी तिच्या हाताखाली एक बाई अडून गेली होती, ती तिची सख्खी जाऊ. तेव्हापासून ती प्रत्येक गर्भारणीचं ताट अर्धं करत होती. डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. बाळंतपण इथे करा, अडलं तर आम्ही आहोत, एवढंच म्हणाल्या. तेवढ्याने म्हातारी सुनेचं ताट पूर्ण भरू लागली असं नाही. बायकोने दुसरी युक्ती केली. सुनेची सुकडी घरी दिली की घरभर वाटली जायची, म्हणून बायको तिला रोज अकरा वाजता अंगणवाडीतच बसून खायला लावायची. म्हातारी दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "खा, खा. सरकारचं खाल्ल्यावर पोर सरकारच्या दवाखान्यातच अडंल."

वहीचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच होता. बदलापूरहून पर्यवेक्षिका आल्या. एका महिन्यात तिसऱ्या श्रेणीतली मुलं एकाची पाच झालेली पाहून त्यांनी डोक्याला हात लावला. बाई मनाने चांगल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, एकदम नको. दोन-तीन महिन्यांत हळूहळू खाली आण, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही."

बायको म्हणाली, "मग दुप्पट आहार पण हळूहळू द्यायचा का?"

तिने पाच महिन्यांच्या प्रत्येक आकड्यावर लाल शाईने एक रेघ मारली, शेजारी खरा आकडा लिहिला आणि सही केली. मी कार्यालयाला पत्र लिहिलं, चूक कशी झाली आणि कुणाची, झोळीच्या वजनासकट. तिला एक लेखी समज मिळाली. ती तिच्या नावाने मिळाली, माझ्या नव्हे. काटा तिच्या ताब्यात होता. ती समज तिने कपाटात ठेवली आणि त्याबद्दल मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

लाल थेंब मी खरवडून काढला. ती पुन्हा दर वेळी झोळी लावून सुई जुळवायला लागली, शिकवलं होतं तसं.

वहीत तिने एक नवा रकाना पाडला. पट्टीने रेघा मीच मारून दिल्या. त्यावर लिहिलं होतं, 'आईचा हात'. मूल झोळीत ठेवायच्या आधी ती आईला विचारायची, हाताला कशी लागते? आई सांगेल ते त्यात लिहायचं. जड, हलकी, तशीच. पर्यवेक्षिकांनी विचारलं, हा रकाना कोणत्या परिपत्रकात आहे? कुठेच नव्हता. मग तिने तो सरकारी वहीतून काढून घरच्या दोनशे पानी वहीत नेला. मी महिन्याच्या शेवटी दोन्ही वह्या जुळवून बघायचो. आयांचं दर वेळी बरोबर नसायचं. पण हलकी म्हटलेलं मूल काट्यावर उतरलेलं निघालं, असं बऱ्याचदा व्हायचं, आणि कधीकधी काट्याच्या एक महिना आधी.

सुनेचं बाळंतपण उल्हासनगरला झालं. मुलगा, दोन किलो सहाशे. मोठी मुलगी औषधांवर सावरली. एकविसाव्या महिन्यात चालली, बोलायला तिसरं वर्ष उजाडलं. तसं ते आजाराने झालं असेल, आधीच्या उपासाने झालं असेल. पण ज्या दोन महिन्यांत तिच्या आईला कळलं होतं आणि मला कळत नव्हतं, त्यांचा त्यात किती वाटा, हे मला काढता आलेलं नाही. मी प्रयत्न केला आहे. त्याला एकक नाही.

बाळ दीड महिन्याचं झाल्यावर सून त्याला पहिल्यांदा वजनाला घेऊन आली तो शुक्रवार होता, आणि मी तिथे होतो. बायकोने काटा जुळवला. मी झोळी नीट धरून उभा राहिलो. सून झोळीपर्यंत आली, थांबली आणि बाळ माझ्यापुढे धरलं.

"आधी हातात घ्या, दादा," ती म्हणाली. "मग काट्याला लावा."

मी झोळी सोडली आणि दोन्ही हात पुढे केले.